पुंगळी अडली पाहिजे

दोन भाऊ एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून बंदुका दुरुस्त करायचे आणि एकमेकांशी एक अक्षर बोलायचे नाहीत. बोलायचंच झालं तर मध्ये बहीण. तिला सगळे मधली म्हणायचे. वयानं मधली, बसायची जागा मधली, आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या त्याही मधल्यामध्ये. दादाला कानस सापडली नाही की तो मान वर न करता म्हणायचा, सांग त्याला, माझी कानस बापाची असल्यासारखी उचलू नको म्हणावं. बाप तर दोघांचा एकच होता आणि दाराजवळच्या खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होता, पण ते दादाला सांगणार कोण? धाकट्याचं उत्तर तयार असायचं. सांग त्याला, कानस दुकानाची आहे, आणि दुकान कुणाचं ते बाहेर बोर्डावर वाच म्हणावं.

हातभर अंतरावरून आलेलं बोलणं दोघांना ऐकू यायचंच. तरी मधलीनं तोंडानं सांगितल्याशिवाय ऐकलं म्हणून कुणी कबूल करायचं नाही. कधी ती निरोपात पाणी घालून पोचवायची, कधी डोकं तापलेलं असलं तर मुद्दाम मिरची टाकून. ध चा मा करायला तिला कुणी शिकवावं लागत नव्हतं. पण खरं सांगायचं तर तिला दोघांचाही वीट आला होता. एखाद्या दिवशी दोघांची टाळकी एकमेकांवर आपटावीत असं तिला रोज वाटायचं, आणि रोज ती त्याऐवजी जोरात पितळ घासत बसायची.

वैर पेटलं होतं ते त्या बोर्डावरूनच.

धाकट्याचं घरातलं नाव मॅग्नम. ते बापानं ठेवलेलं. दादासाठी आणलेल्या पाळण्यात धाकट्याला पहिल्यांदा घातलं तेव्हा त्याचे पाय बाहेर आले. बाप हसून म्हणाला, हा तर मॅग्नम निघाला. झालं, नाव चिकटलं. ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगितली गेली की तिचा पार चोथा झाला, पण ज्यानं त्यानं त्यातून आपल्याला हवं तेवढंच उचललं. धाकट्यानं ऐकलं की आपण मोठे. दादानंही तेच ऐकलं, फक्त त्याला ते टोचलं. त्याला कुणी काही नाव ठेवलं नव्हतं. तो नुसताच दादा.

मग बापाला अर्धांगवायू झाला. उजवा हात लुळा पडला, जीभ जड झाली, आणि अख्ख्या दिवसात जेमतेम चार शब्द बाहेर पडायला लागले. दुकान भावांवर आलं. एका सकाळी दादा कामाला आला तर शटरवरच्या जुन्या बोर्डाला नवा रंग, आणि लाल अक्षरात 'मॅग्नम गन रिपेअर'. दादानं ते वाचलं, आत जाऊन ॲप्रन बांधला, आणि मधलीला म्हणाला, "सांग त्याला, आजपासून माझ्याशी बोलायचं नाही."

मॅग्नमचं म्हणणं, मी माझं नाव कुठं घातलंय? हा शब्द गिऱ्हाइकाला आवडतो म्हणून घातलाय. आता हे अगदीच खोटं नव्हतं. गिऱ्हाईक यायचं आणि दुकानात साबण मागावा तसं विचारायचं, मॅग्नम आहे का? कशातलं मॅग्नम, हे विचारलं की गप्प. मग मधलीला तेच पुराण पुन्हा लावावं लागायचं. अहो, मॅग्नम ही काही वेगळी जात नाही. त्या नावाला ठरलेलं माप नाही, वजन नाही. साधं काडतूस असतं, मग कुणी तरी त्याच जाडीच्या गोळीचं जास्त दांडगं काडतूस काढतं आणि त्याला मॅग्नम म्हणतं. शेजारी साधा भाऊ असला तरच हा मॅग्नम, नाहीतर कुणाशी मोजणार? छोट्या रायफलीचं मॅग्नमही असतं, आणि ते मोठ्या साध्या काडतुसापुढं पोरगं वाटतं. एवढं सांगून झालं की गिऱ्हाईक मान हलवायचं आणि म्हणायचं, ते ठीक आहे, पण मॅग्नम आहे ना?

तर त्या दिवशी दुपारी नेमबाजी क्लबचा सेक्रेटरी आला. हा माणूस दुकानात शिरला की आधी त्याचा आवाज शिरायचा. सासऱ्याकडून त्याला एक जुनं रिव्हॉल्व्हर मिळालं होतं, थर्टी-एट स्पेशल. क्लबमधल्या दुसऱ्या एका सभासदाकडे थ्री-फिफ्टी-सेव्हन मॅग्नम होतं. तो ते झाडायला लागला की बाकीच्यांच्या छातीत धडकी भरायची, आणि सेक्रेटरीच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. त्याला हेच रिव्हॉल्व्हर मॅग्नम करून हवं होतं. लगेच.

दादानं ते हातात घेतलं, फिरवलं आणि परत ठेवलं. म्हणाला, होणार नाही. गोळीची जाडी दोन्हीत तीच आहे, आकडे वेगळे दिसतात त्यावर जाऊ नका. पण मॅग्नमचं काडतूस नखभर लांब असतं. ह्याच्यात काडतूस बसायचं जे घर आहे त्यात ते पूर्ण जाणार नाही, मागून डोकं बाहेर राहील. मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये स्पेशल चालतं. उलटं चालत नाही.

सेक्रेटरी हसला. म्हणाला, नखभर? नखभरासाठी मला परत पाठवतोस? तुझ्यापेक्षा बोर्डावर ज्याचं नाव आहे त्यालाच विचारतो.

दादाच्या कपाळाची शीर तटतटून वर आली. समोर मॅग्नमनं हातातलं काम खाली ठेवलं आणि रिव्हॉल्व्हर आपल्याकडे ओढलं. म्हणाला, चार दिवसांनी या.

तेवढ्यावर थांबला असता तर तो मॅग्नम कसला. गिऱ्हाईक गेल्यावर तो मधलीला म्हणाला, सांग त्याला, काहींना नाही म्हणायची सवय असते कारण त्यांना येत नसतं. मधलीनं सांगितलं नाही. दादानंही ऐकलं नाही असं दाखवलं. फक्त बऱ्याच वेळानं, टेबलाच्या शिकंजात आवळलेल्या नळीवर कानस मारता मारता, तो इतकंच म्हणाला, "सांग त्याला, एवढा मोठा झालायस तर पहिला बारही स्वतःच काढ."

हा बापाचा नियम होता. ज्यानं दुरुस्त केलं त्यानंच पहिला बार काढायचा, मागच्या खोलीतल्या वाळूच्या पेटीत. मधलीला वाटलं, नेहमीचाच टोमणा. तिनं अर्धवट पोचवला, दादा म्हणतो बार तू काढ. मॅग्नम म्हणाला, मग काय त्याची बायको काढणार?

चार दिवस मॅग्नम टेबलाकडे पाठ करून काम करत होता. मधलीला फक्त तेलाचा वास यायचा आणि धातूची बारीक करकर ऐकू यायची. तिच्याकडे क्लबच्या रायफलींचा ढीग पडला होता, तिनं लक्ष दिलं नाही. तिचं लक्ष नव्हतं असं वर्षातून एखाद्या वेळेसच व्हायचं.

सेक्रेटरी ठरल्या दिवशी आला तो काडतुसांचा डबा घेऊनच. मॅग्नमनं रिव्हॉल्व्हर पुढं केलं. निळसर चकाकत होतं, बाहेरून तर नवीनच. मागच्या खोलीत सगळे गेले. बापाची खुर्चीही मधलीनं ओढत आत आणली, कारण बार निघताना तो हजर नसला तर संध्याकाळी जेवायचा नाही. दादा दारात उभा राहिला, हाताची घडी घालून. तो कधी धाकट्याच्या बाराला यायचा नाही. आज आला होता. मधलीच्या मनात पाल चुकचुकली ती इथं.

बार काढायच्या आधी एक काम असायचं. वाळूच्या पेटीजवळच्या भिंतीत एक खिळा होता, आणि त्याला दोऱ्यानं एक रिकामी पुंगळी, म्हणजे काडतुसाचं मोकळं कवच, लटकवलेली असायची. मॅग्नम काडतुसाची. झाडून झालेली, पितळ काळं पडलेली. कोणतंही जुनं स्पेशल दुरुस्तीला आलं की बाप ती पुंगळी त्याच्या चकरीच्या प्रत्येक घरात घालून बघायचा. चकरी म्हणजे तो सहा घरांचा फिरता गोल, ज्यात काडतुसं बसतात. पुंगळी अडली पाहिजे. मागं नखभर बाहेर राहिली पाहिजे. राहिली तर ठीक. पूर्ण आत बसली तर समजायचं, कुणीतरी घर कोरून लांब केलंय, आणि ते रिव्हॉल्व्हर झाडायचं नाही, हातातही ठेवायचं नाही.

खिळ्याला पुंगळी नव्हती.

मधलीनं खाली पाहिलं, वाळूत पाहिलं. मग तिचं लक्ष दादाच्या शर्टाच्या खिशाकडे गेलं. खिशातून मळकट दोऱ्याचं टोक बाहेर लोंबत होतं.

ती सरळ त्याच्याजवळ गेली, दोरा धरून ओढला, पुंगळी बाहेर आली. दादानं हाताची घडी सोडली नाही की नजर हलवली नाही. तिनं मॅग्नमच्या हातातून रिव्हॉल्व्हर घेतलं, चकरी बाजूला काढली, दांडी सोडवून ती सुटी हातात घेतली, आणि पुंगळी एका घरात सोडली. टक. तळापर्यंत. दुसऱ्यात सोडली, टक. तिसऱ्यात तर हात लावायच्या आधीच घसरली.

खुर्चीतून बापानं जड जिभेनं विचारलं, "बसली?"

"बसली," मधली म्हणाली.

बापानं तोंड फिरवलं आणि जमिनीवर थुंकला. स्वतःच्या दुकानात, ज्या दुकानात थुंकणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यानं एकदा हाकलून दिलं होतं.

मॅग्नम उसळला. म्हणाला, कोरलंय तर कोरलंय, त्यात एवढं काय? मी काय चोरी केली? सेक्रेटरीही त्याच्या मदतीला धावला. त्याचं ज्ञान बाटलीतून आलेलं होतं. म्हणाला, अहो ताई, मॅग्नम हा शब्दच मुळात बाटलीचा. दारूच्या मोठ्या बाटलीला मॅग्नम म्हणतात, तिथूनच काडतुसांना आला. आता मला सांगा, मोठ्या बाटलीतली दारू काय जास्त कडक असते? दारू तीच, फक्त जास्त. पेला तोच. मग पेला फुटेल कसा?

मॅग्नम जोरजोरात मान हलवत होता. तेव्हा मधलीला कळलं की हे सेक्रेटरीनं त्याला ह्या चार दिवसांत बाहेर कुठंतरी गाठून पढवलेलं होतं, आणि ह्या गाढवानं ते खरं धरलं होतं. जन्मभर बंदुकीच्या दारूशी खेळला आणि पिण्याच्या दारूच्या हिशेबानं घर कोरून बसला. नाव एक आहे म्हणून काय चीज एक होते? प्यायची दारू बाटलीत गप्प बसते. ही बसत नाही.

"बाटली मोठी केली ती जास्त भरायला नाही," ती म्हणाली. "जुन्या पुंगळीतच जागा रिकामी पडलेली होती. काळी दारू फुगीर असायची, तिच्यासाठी केलेली पुंगळी ती. नवी दारू थोडीशी घातली तरी पुरते, आणि ठासून घातली तर दाब दुप्पट होतो. तेवढी ताकद जुन्याच लांबीत मावली असती, अक्कलशून्या. लांब केली ती मुद्दाम अडावी म्हणून. कुणी मूर्खानं जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घालू नये म्हणून. ते नखभर म्हणजे कुलूप होतं. तू कुलूप कोरून काढलंस."

"पोलाद चांगलं आहे," मॅग्नम म्हणाला, पण आवाज जरा खाली आला होता.

"पोलाद सासऱ्याच्या वयाचं आहे. आणि कोरून भिंत आणखी पातळ केलीस."

सेक्रेटरी म्हणाला की त्याला बायकांकडून भाषण ऐकायला वेळ नाही, रिव्हॉल्व्हर द्या नाहीतर काम पुरं करा. आणि मग मॅग्नमकडे बघत, अगदी हळू, दाढेखाली सुपारी धरल्यासारखं म्हणाला, "का तूही नखभराला घाबरलास?"

बस. एवढंच पुरे होतं त्याला. मॅग्नमनं डब्यातून एक काडतूस उचललं. बोटांत फिरवलं. म्हणाला, आण चकरी इकडे, मी काढतो बार. माझा हात, माझं काम.

मधलीनं दादाकडे पाहिलं. तो तसाच उभा होता. पुंगळी त्याच्या खिशात होती म्हणजे त्यानं रात्री नाहीतर सकाळी कधीतरी ती चकरीत घालून पाहिली होती. टक आवाज त्यानं ऐकला होता. आणि खिळ्याला परत लावायच्या ऐवजी खिशात टाकून तो दारात तमाशा बघायला उभा होता. 'पहिला बार स्वतःच काढ.' तो निरोप तिनं पोचवला होता. तिच्याच तोंडून गेला होता. तिला असा संताप आला की डोळ्यांपुढं वाळूची पेटी हलली.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"मला कोण विचारतं?" दादा म्हणाला. "बोर्डावर बघ कुणाचं नाव आहे."

"बोटं जातील त्याची. डोळा जाईल."

दादानं हाताची घडी सोडली. मग तो म्हणाला, "सांग त्याला..."

"मी नाही सांगणार. तुला तोंड आहे. तो तिथं उभा आहे. सांग."

दादानं तोंड उघडलं. मधलीला वाटलं, आता बोलेल. मॅग्नमही थांबला होता, काडतूस चिमटीत धरून, आणि तो दादाकडेच बघत होता. लहानपणी झाडावरून खाली येता येत नसलं की बघायचा तसा. एक शब्द पुरला असता. नको. एवढाच. पण दादाच्या तोंडून तो निघेना. इतके दिवस गंजलेलं दार ते, एका धक्क्यानं उघडतं होय? त्यानं तोंड मिटलं आणि मॅग्नमनं हात पुढं केला. "आण."

मधलीनं चकरी दिली नाही.

ती वळली आणि पुढच्या खोलीत गेली. कोपऱ्यात ग्राइंडर होता. तिनं बटण दाबलं, दगड घरघरत वेग घ्यायला लागला, आणि तिनं चकरी दोन्ही हातांत धरून तिची पातळ झालेली कड त्याच्यावर टेकवली. ठिणग्यांचा झोत उडाला. ना चष्मा, ना हातमोजे. ते शोधायला गेली असती तर कुणीतरी चकरी हिसकावून घेतली असती. पहिलं घर उघडं पडलं. तिनं चकरी फिरवली. पोलाद तापून बोटांना चटके देत होतं, गोल असल्यानं निसटत होतं, आणि तिची बोटं दगडापासून तांदळाच्या दाण्याएवढी लांब होती. तिला ते दिसत होतं. तिला थांबायचं नव्हतं.

मागून दोघंही धावत आले. दोघंही एकदमच ओरडले, आणि तिला उद्देशून एकच शिवी हासडली, तीसुद्धा बापाची खास ठेवणीतली.

"धर तिचे हात!" दादा ओरडला. "बोटं जातील तिची, धर!"

"तू बटण बंद कर आधी!" मॅग्नम ओरडला. "दादा, बटण!"

मॅग्नमनं मागून तिची मनगटं पकडली, दादानं बटणावर मूठ मारली. दगड घरघरत राहिला आणि हळूहळू थांबला. चकरी खाली पडली, फरशीवर गोल गोल फिरली आणि टेबलाच्या पायाला अडून थांबली. तीन घरं फाटली होती. आता ती पेपरवेट म्हणून चालली असती फार तर.

सेक्रेटरी दारात उभा होता. त्यानं आधी चकरी पाहिली, मग तोंड सोडलं. सासऱ्याचं, क्लबचं, पोलिसांचं, वकिलाचं, सगळ्यांची नावं घेऊन झाली. हे दुकान उद्या बंद पडलेलं दिसेल, म्हणाला. मधली आपल्या भाजलेल्या बोटांवर फुंकर घालत होती. तिनं त्याला फक्त इतकंच सांगितलं की वकिलाकडे जायचं तर चकरी बरोबर घेऊन जा, आणि त्याला विचार, ही कुणाच्या हातात फुटली असती. काडतुसांचा डबा तिनं त्याच्या छातीवर ढकलला. तो शिव्या देतच गेला. काचेचं दार त्यानं असं आपटलं की बोर्डाचा एक खिळा निखळला आणि 'मॅग्नम' एका बाजूनं कललं.

मग भाऊ सुरू झाले.

"डोकं फिरलंय हिचं," दादा म्हणाला.

"आधीपासूनच फिरलेलं आहे," मॅग्नम म्हणाला. "मी तुला सांगत होतो, हिला ग्राइंडरजवळ येऊ देऊ नको."

"मला कधी सांगितलंस?"

"आपण बोलत नव्हतो ना."

"गिऱ्हाइकाचा माल फाडते. कोण येईल आता इथं?"

"तू खिशात कशाला घातली होतीस पुंगळी?"

 टेबलाच्या कडेला लागलेलं तेल दादा अंगठ्यानं पुसत राहिला. पुसलं गेलं तरी पुसत राहिला. मग म्हणाला, "तू कोरलंस कशाला?"

 तेवढ्यात दोघांनाही मधली आठवली आणि दोघंही पुन्हा तिच्यावर घसरले. ती किती भांडखोर, किती आगाऊ, निरोपांत कशी भर घालायची, कुणी काय म्हटलं आणि हिनं काय पोचवलं. दोघं एकमेकांना पुरावे देत होते. हा म्हणे ती मला असं म्हणाली, तो म्हणे मी तर तसं म्हणालोच नव्हतो. मागच्या खोलीतून बापाचा एक विचित्र आवाज आला. मधली धावत गेली. तो हसत होता, अर्ध्या तोंडानं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

त्या दिवसापासून दोघांनी मधलीशी बोलणं टाकलं. आपसात मात्र बोलतात. गोड नाही, कुत्र्या-मांजरासारखं बोलतात, पण थेट. बोर्ड अजून कललेलाच आहे, त्याला कोण खिळा मारणार यावर रोज वाद होतो.

दुसऱ्या सकाळी मधलीनं बोटांना पट्ट्या गुंडाळल्या, पुंगळीला नवा दोरा ओवला आणि ती परत त्या खिळ्याला लटकवली. पट्ट्यांमुळं गाठ नीट बसत नव्हती. दादानं ते टेबलापासून उघड्या दारातून पाहिलं आणि कानस न थांबवता समोरच्याला म्हणाला, "सांग तिला, गाठ घट्ट मार म्हणावं."

"गाठ घट्ट मार," मॅग्नम म्हणाला.

मधलीनं दातांनी दोरा ओढला.